गुरं सुटल्यावर निघ

पोरी, तुझे फोटो मिळाले. 'मावशी, आम्ही बीचच्या जंगलात आलोय' असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हा मी समुद्रच धरून बसले होते. म्हटलं, समुद्रकाठी एवढे स्वेटर कशाला, आणि वाळू कुठंय? मग उमजलं की बीच हे झाडाचं नाव. हाइनिश म्हणे ते जंगल, आणि जर्मनीतली तसली पाच जंगलं 2011 साली युनेस्कोनं जागतिक वारशात घेतली. मी एकेक फोटो मोठा करून पाहिला. राखाडी गुळगुळीत खोडं, खाली तांबूस पानांचा थर, आणि थोड्या थोड्या अंतरावर खोडावर रंगानं काढलेली खूण. फाट्यावर पाटी. पाटीवर अंतर, लागणारा वेळ. दमलं तर बसायला बाक. खरं सांगते, हेवा वाटला.

आता डिसेंबरात तुम्ही येताय आणि जावईबापूंना आपल्या वर्ध्याकडच्या बोरच्या जंगलात पायी फिरायचंय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हो मावशी, हो मावशी' करतेस. म्हणून हे लिहून पाठवतेय. येण्याआधी दोनदा वाच आणि त्यांना जर्मनमध्ये समजावून सांग.

आपल्या इथं खोडावर खूण नसते. वाटेची खूण म्हणजे शेण. हसू नको, पुढं वाच.

मला जंगलातलं चालणं आमच्या गावच्या गायक्यानं शिकवलं. गायकी म्हणजे गाणारा नव्हे, हे जावईबापूंना आधी सांग. आपल्याकडे गावाची गुरं राखतो तो गायकी. सकाळी घराघरातून ढोरं आखरावर यायची, तिथून तो ती जंगलाकडे हाकायचा आणि दिवस कलला की परत आणायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिंगणीपासून बोरधरणाच्या डोंगरापर्यंतची एकेक घळ त्याला पाठ होती. मी पुढं तीस वर्षं शाळेत पोरांना भूगोल शिकवला. नकाशा काढायला मात्र त्याच्याकडूनच शिकले, काठीनं मातीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच साफ सांगते, म्हणजे मग रुसवेफुगवे नकोत. बोर 1970 साली अभयारण्य झालं, 2014 साली व्याघ्र प्रकल्प. देशातल्या सगळ्यात लहान प्रकल्पांत त्याची गणना होते. गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटर. त्या गाभ्यात पायी फिरायला परवानगी नाही. बोरधरणच्या किंवा अडेगावच्या फाटकातून जिप्सीनं आत जायचं, सोबत वाटाड्या, आणि गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. जावईबापू म्हणतील, मी आल्प्समध्ये एकटा फिरलोय. फिरले असतील. तिथं वाघ नाही. गाभा गाडीतून बघा, आणि पायी फिरायचं ते जंगलाच्या कडेकडेनं, गावांच्या शिवारातून, तेही तिथल्या वनरक्षकाला विचारून. कडेचं जंगल कमअस्सल असतं असं समजू नका. साग तोच, ऐन तोच, आणि वाघसुद्धा तोच. नकाशावरची रेघ त्याला कोणी दाखवलेली नसते. बाजीराव नावाचा बोरचा नामांकित वाघ 2017 च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्ग ओलांडताना बाजारगावजवळ गाडीखाली गेला. जंगलात नाही, डांबरावर.

तर कडेकडेच्या या वाटा. यातली एकही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी झालेली नाही, ही तुझ्या फोटोतल्या जंगलात आणि आपल्या जंगलात पहिली फारकत. एक वाट गुरांनी पाडली, एक मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी, एक तेंदूपानं तोडणाऱ्यांनी, एक महादेवाच्या जत्रेला जाणाऱ्यांनी. धुऱ्याधुऱ्यानं जाते ती वावरात राबणाऱ्यांची. गायकी म्हणायचा, "ज्याची वाट त्याचा टाइम, बाई. त्याच्या टाइमले चाललं तं वाट आपली, नाई तं दुसऱ्याची." दुसऱ्याची म्हणजे कोणाची हे त्यानं कधी नाव घेऊन सांगितलं नाही. जंगलात असताना आमच्याकडे वाघाचं नाव घेत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. जावईबापू पहाटे पाचला बूट बांधून अंगणात उभे राहतील, मला ठाऊक आहे. त्यांना चहा दे आणि बसवून ठेव. पहाट आणि दिवेलागण या दोन वेळा आपल्या नाहीत. वाघ, बिबट, अस्वल, सगळ्यांची ये-जा त्याच वेळी. गुरं आखरावरून सुटतात आठ-साडेआठला, ऊन नीट पडल्यावर. त्यानंतर निघायचं. आणि परतीला गुरांच्या मागं नाही, पुढं राहायचं. गुरांची धूळ गावाकडे निघाली आणि तुम्ही अजून जंगलाकडे तोंड करून चालताय, असं होता कामा नये. डिसेंबरात साडेपाचला सूर्य टेकतो. चारला माघारी वळायचं, मग पुढं कितीही सुंदर काही दिसत असो.

आता शेण. ताजं, हिरवट, वर माश्या घोंघावताहेत, म्हणजे गुरं आज सकाळीच गेली, पुढं कुठंतरी माणूस आहे. वरून कडक, पण काठीनं उलटलं की खाली ओल आणि शेणकिडे, म्हणजे काल-परवाचं. आणि पांढुरकं पडलेलं, वाळवी लागलेलं, त्यानंतरचं नवं काहीच नाही, असं दिसलं तर गायक्यानं ती वाट सोडली आहे. का सोडली ते आपल्याला ठाऊक नसतं, त्याला असतं. तिथूनच फिरायचं. वाटेच्या मध्यावर लांबोळकी, केस मिसळलेली विष्ठा दिसली तर ती कोणाची हे विचारायला थांबू नका. अस्वलाची ढीगभर असते आणि आत बिया दिसतात. तुम्ही येताय तेव्हा बोरं पिकलेली असतील, तर बोराच्या बियाच.

वाट चुकण्याचं सांगते. मी अकरा-बारा वर्षांची असेन. वैशाख होता. टेंभरं पिकली होती आणि आम्ही चार पोरी ती खायला गेलो होतो. मला एक छान पायवाट दिसली. खाली माती घट्ट, साफ, पालासुद्धा बाजूला सरलेला. मी पुढं पुढं गेले. वाट एका झुडपातून दुसऱ्या झुडपात शिरत राहिली, मी वाकत राहिले, आणि मग एकदम ती पांगली. पाचसहा बारीक वाटा झाल्या आणि गवतात जिरल्या. मागं पाहिलं तर मागचीही वाट कुठली ते कळेना. हाका मारल्या. सागाच्या जंगलात उन्हाळ्यात हाक लांब जाते पण कुठून आली ते समजत नाही. तासाभरानं एका गाईच्या लाकडी घंटेचा आवाज आला आणि तिच्यामागून तो आला. रागावला नाही. म्हणाला, "खालती नको पाहू. वरते पाय." मी वर पाहिलं. खाली वाट मोकळी, पण माझ्या कमरेच्या वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या.

चितळांची वाट होती ती. माणसाच्या वाटेवर डोक्याइतकी, त्याहून हातभर जास्तच उंचीपर्यंत मोकळीक असते, कारण माणूस डोक्यावर मोळी घेऊन परततो. फांदी आड आली की तो ती मोडतो. जनावर वाकून जातं, फांदी तशीच राहते. त्यामुळे वाट जमिनीवर ओळखायची नाही, डोक्याच्या पातळीला ओळखायची. दोनदा वाकावं लागलं की तिसऱ्यांदा वाकायचं नाही, वळायचं. पुढच्या साठ वर्षांत मी वाट चुकले ती शहरांत. जंगलात नाही.

फाट्यावर कधी एखादी हिरवी फांदी तोडून आडवी टाकलेली दिसेल. ती वाऱ्यानं पडलेली नाही. आधी गेलेल्यानं मागून येणाऱ्याला सांगितलंय की इकडे येऊ नको. ओलांडू नका आणि बाजूलाही सारू नका, तुमच्या मागून आणखी कोणी येणार असतो.

जंगलाच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड असतो. कुठं वाघोबा म्हणतात, कुठं नुसतं देव. मी फार देवभोळी नाही, तुझी आई होती. पण तिथं मी दरवेळी चपला काढून उभी राहते, आणि तुम्हीही राहा. गायकी तिथं दोन मिनिटं गप्प उभा राहायचा, हात जोडून, डोळे मात्र उघडे. मला पुष्कळ वर्षांनी कळलं की तो ऐकत असायचा. बोलत बोलत आलेलं माणूस तिथं गप्प होतं, श्वास खाली बसतो आणि कान उघडतात. आत काही गडबड असेल तर ती तिथंच कळते.

काय ऐकायचं? पाखरांचा किलबिलाट चालू असेल तर उत्तम. टिटवी एकदा ओरडली तर तिचं काही नाही, ती उगाचही ओरडते. वानर उंच झाडावर बसून खाकरल्यासारखं 'खक्, खक्' करायला लागला आणि थांबतच नाही, एकाच दिशेला तोंड करून आहे, किंवा चितळाचं बारीक तीक्ष्ण 'कुक्' परत परत येतंय, तर आहात तिथं थांबायचं. सांबर मोठ्यानं ढाँक करतं. ते खोटं बोलत नाही म्हणतात. ऐकलं की माघारी. 'जरा पुढं जाऊन बघू या' हे वाक्य गाडीत बसून म्हणायचं असतं, पायी चालताना नाही.

वाघापेक्षा मला अस्वलाची धास्ती जास्त. गायक्यालाही तीच होती. वाघाला माणसाची चाहूल आधी लागते, तो आपल्याला पाहतो आणि निघून जातो. आपल्याला कळतही नाही. अस्वल नाक मातीत खुपसून वाळवी उकरत असतं, त्याला भानच नसतं, आणि वळणावर तुम्ही एकदम समोर आलात की ते बिथरून अंगावर येतं. रायमुनियाच्या जाळ्या दोन्ही बाजूंना दाट झाल्या की मोठ्यानं बोलत चालायचं. काठी आपटायची. आमच्या बाया मोहफुलं वेचायला जाताना एकमेकींना हाका मारत जातात, त्या काही गप्पांच्या हौशीनं नव्हे. तुमच्या पुस्तकांत 'जंगलात शांतता पाळा' लिहिलेलं असतं. जाळीच्या वळणावर ते विसरा.

दुसरं, जावईबापूंना वाकून बसायची सवय दिसते. प्रत्येक फोटोत ते उकिडवे बसून अळंबी नाही तर एखादा किडा टिपताहेत. उभा माणूस वाघाला माणूस दिसतो. वाकलेला माणूस त्याला चार पायांचं काहीतरी दिसतं. तेंदूच्या आणि मोहाच्या दिवसांत बायांवर हल्ले होतात ते त्या वाकून काम करत असतात म्हणून. तेंदूचा एक पुडा 70 पानांचा, आणि असे शंभर-दोनशे पुडे करायचे तर दिवसभर झुडपांत पाठ वाकलेलीच. त्यांना इलाज नसतो, आपल्याला असतो. एक जण वाकला की दुसऱ्यानं उभं राहून आजूबाजूला बघायचं. आणि समोर काही आलंच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून एकेक पाऊल मागं. दोघांनी जवळजवळ राहून.

सागाच्या पानांबद्दल सांगायचं तर थांबावं लागेल, माझा आवडता विषय आहे.

तुझ्या त्या बीचचं पान दोन बोटांत मावणारं. सागाचं पान सुपाएवढं. पावसाळ्यात आम्ही ते डोक्यावर धरून शाळेत जायचो. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतो. लहानपणी आम्ही तोच रंग ओठांना लावायचो आणि घरी आल्यावर मार खायचो. तुला एक पान मिळालं तर जावईबापूंच्या हातावर चोळून दाखव, आधी काही सांगू नको. भाद्रपदाच्या सुमाराला एक अळी येते, ती पानाचा हिरवा भाग खाऊन टाकते आणि शिरा तेवढ्या ठेवते. सबंध जंगल विणलेल्या जाळीचं होतं, लांबून जळाल्यासारखं दिसतं. नवख्यांना वाटतं, झाडं मेली. झाडं मरत नाहीत. पानं तुमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतात, थंडीच्या धाकानं. आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी-मार्चात, पाण्याच्या धाकानं. मातीतली ओल संपत आली की साग पानंच टाकून देतो आणि मेपर्यंत उघडा उभा राहतो. अशा वेळी भर दुपारी वारा पडलेला असताना एकच पान सुटतं, फांद्यांवर आपटत खाली येतं, आणि खाली टेकतं तेव्हा कोणीतरी पाऊल टाकल्यासारखा आवाज होतो. अजूनही मी दचकते.

डिसेंबरात सगळी पानं गळालेली नसतील. पण जी खाली असतील ती पापडासारखी वाजतात. म्हणून चोरपावलानं चालायचा प्रयत्नही करू नका, जमणार नाही. उतारावर मात्र जपा. पानावर पान, त्याखाली गोल गोटे. टाच आधी टेकवू नका, सगळा तळवा एकदम टेकवा, पावलं आखूड. आणि पाल्याच्या ढिगात पाय घालायचा नाही. घोणस तिथं अगदी पाल्याच्याच रंगाची पडलेली असते. आडवं पडलेलं लाकूड एका ढांगेत ओलांडायचं नाही. त्यावर पाय ठेवून पलीकडे बघायचं, मग उतरायचं. "पाय टेकवाच्या आधी डोये टेकव," असं तो म्हणायचा. दिवसातून वीसदा.

कपडे मातकट रंगाचे, अंगभर. जावईबापूंचं ते नारिंगी जाकीट घरी ठेवा, त्यात ते लांबून पळसासारखे दिसतात. लोकरीचे मोजे नकोत. कुसळं त्यात अशी रुततात की मोजे फेकून द्यावे लागतात. अत्तर, सेंट, केसांचं सुगंधी तेल काही नको. ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या उंच फांदीला आग्यामोहोळ लटकलेलं असतं आणि त्या माश्यांना वासाचं वावडं. उठल्याच तर तोंड झाकून दाट झुडपात शिरायचं. पाण्यात उडी नको, त्या वर वाट बघत बसतात.

खाजकुइलीच्या शेंगा थंडीतच वाळतात. मखमली, सोनेरी, हात लावावासा वाटेल अशा. लावू नका. लागलीच कूस अंगाला, तर खाजवायचं नाही, पाणीही नाही. आम्ही ओलं शेण थापायचो आणि वाळलं की सोलून काढायचो, कूस त्याबरोबर निघायची. तुम्ही चिकटपट्टी आणा. दोन-तीनदा चिकटवून ओढली की काम होतं. शेणाची बचत.

आणि ही गोष्ट गमतीत घेऊ नको. गवतात अंग टाकून बसायचं नाही. तिथं डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्यानं स्क्रब टायफस होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे त्याची मोठी साथ आली होती. ताप लगेच येत नाही, आठ-दहा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा. तोवर तुम्ही परत जर्मनीला. तिथल्या डॉक्टरला मनातही यायचं नाही. तेव्हा परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आला, काखेत, जांघेत, कमरेशी कुठं काळी खपली दिसली, तर डॉक्टरला आपणहून सांगायचं की आम्ही भारतात जंगलात फिरलो होतो. वेळेवर ओळखला तर गोळ्यांनी बरा होतो. बसायला एक चादर न्या, घरी आल्या आल्या गरम पाण्यानं अंघोळ, आणि कपडे वेगळे. गोचीडही बघा, गुरांच्या वाटेवर ते असणारच.

पाणी घरून न्यायचं. नाल्यात डोह दिसला, निवळशंख, वर अर्जुनाची सावली, तर मन होईल तिथं शिदोरी सोडायचं. नको. दहा जनावरं झाडीत उभी राहून तुमची उठायची वाट बघत असतात, आणि ती सगळीच चितळं असतात असं नाही. पाणवठ्यापासून लांब, उघड्यावर, जिथं चारी बाजू दिसतात तिथं बसायचं. शिदोरी मी देईन, ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. गोड हवं असेल तर वर्ध्याला गोरस भांडारातून गोरसपाक घेऊन ठेवा. कोरडा, टिकाऊ, खिशात मावतो. खाल्ल्यावर कागद परत आणायचा, आणि वानरांना काही घालायचं नाही. एकदा दिलं की पुढच्या माणसाच्या पिशवीवर ते झडप घालतात.

विडी-सिगारेट जावईबापू ओढत नाहीत ते बरंय. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ धरतात, पण पाला डिसेंबरातही पेटतो. मोहाखालची जमीन साफ दिसावी म्हणून लोक पाला जाळतात आणि तीच आग डोंगरभर जाते. हे आपल्याच लोकांचं पाप, ते वाघाच्या माथी नको.

आता कुठं कुठं जायचं.

आल्या आल्या जंगल नाही. पहिले दोन दिवस पाय मोकळे करा. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला तेव्हाच्या शेगावला राहायला आले ते वर्ध्याहून पायीच. एप्रिलचं ऊन, वय 66. आता तो रस्ता वाहनांचा झालाय, चालायला मजा नाही. पण आश्रमात त्यांनी लावलेला पिंपळ आहे, त्याखाली बसा. मग पवनारला धाम नदीच्या काठी जा. विनोबा इथून 1951 साली चालत निघाले आणि तेरा वर्षं चालतच राहिले, 1964 ला परत आले. त्यांच्या पायात काय होतं हे बघ आणि जावईबापूंच्या बुटांची किंमत मला सांगू नको. वाटेत तारेवर निळ्या पंखांचं पाखरू बसलेलं दिसेल. नीलपंख. वर्धेकरांनी मतदान करून त्याला शहराचा पक्षी ठरवलंय. बसलेला असतो तेव्हा मातकट, उडाला की निळा.

तिसऱ्या दिवशी केळझर. गणपतीची टेकडी, चढ थोडा. लोक म्हणतात हीच महाभारतातली एकचक्रा नगरी, भीमानं बकासुराला मारलं ते इथं. वरून बोरच्या बाजूचा डोंगर दिसतो, तिथून जंगलाचा आकार समजून घ्या. वेळ उरला तर समुद्रपूरकडे गिरडला शेख फरीदबाबांच्या टेकडीवर जा. तिथं सुपारी-जायफळासारखे गोल गोटे जमिनीत सापडतात. बाबांनी एका व्यापाऱ्याचा माल दगड केला अशी कथा आहे. भूगोलाच्या बाईला विचारशील तर ते काळ्या कातळाच्या पोकळ्यांत धरलेले खनिजाचे गोटे. पण टेकडीवर असेपर्यंत मी कथाच सांगते. उचलून आणू नका, तेवढं.

ढग्याच्या महादेवाची वाट सगळ्यात सुंदर, पण ती महाशिवरात्रीची. तेव्हा माणसांचा लोंढा असतो, त्या गर्दीत जायचं. एरवी ती वाट आपली नाही. पुढच्या खेपेला फेब्रुवारीत या, पळस फुललेला असतो.

उन्हाळ्यात येऊ नका, सांगून ठेवते. सकाळ वाघाची, दुपार उन्हाची, पारा पंचेचाळीसच्या पुढं, संध्याकाळ पुन्हा वाघाची. आपल्या वाट्याला काही उरतच नाही. पावसाळ्यात साग फुलतो, शेंड्यावर पांढरा मोहोर येतो, पण नाले सांगून भरत नाहीत.

चौथ्या दिवशी हिंगणीकडे. माझा गायकी जाऊन पंचवीस वर्षं झाली. आता त्याचा नातू गुरं राखतो. गुरं पूर्वीच्या निम्मीही नाहीत, ट्रॅक्टर आले, आणि पोराच्या हातात काठीबरोबर मोबाइलही असतो. त्यावर तो गाणी लावतो. मी एकदा रागावले तर म्हणाला, "आजी, अस्वल आयकते ना." बरोबर होतं त्याचं. त्याच्याशी बोलून ठेवलंय. वनरक्षकालाही तो विचारून ठेवणार आहे. तुम्ही त्याच्या मागं चालायचं, त्याच्या पुढं नाही, आणि तो थांबला की थांबायचं, का थांबला ते नंतर विचारायचं. दिवसाची मजुरी द्यायची, घेणार नाही म्हणेल तरी. त्याचा एक दिवस तुमच्या पायानं चालण्यात जातो.

सेलूला उतरलात की फोन कर. मुक्काम माझ्याकडेच, हॉटेल बघू नका. जावईबापूंचा ठेचा वेगळा करीन, दोनच मिरच्यांचा. गुरं साडेआठला सुटतात, पण पोरगा सव्वाआठलाच आखरावर येऊन बसतो. तुम्ही आठला या. त्याला चहा लागतो, थर्मास भरून आणा, साखर जास्त.